पेवॉलपलीकडचा पेपर: मोफत प्रत कायदेशीरपणे कशी शोधायची आणि आपली कशी खुली करायची

जर्नलच्या पानावर सारांश दिसतो आणि त्याखाली 'संपूर्ण मजकुरासाठी पैसे भरा' अशी चौकट, म्हणजे पेवॉल, येते. बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात. ती चौकट मात्र पेपरच्या एकाच प्रतीपुढे असते. त्याच पेपरची दुसरी प्रत लेखकाने, त्याच्या विद्यापीठाने किंवा संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेने दुसरीकडे मोफत ठेवलेली असू शकते, तीही कुणाचा हक्क न मोडता. संशोधन सर्वांना मोफत वाचता यावं, या ओपन ॲक्सेसच्या कल्पनेला ठोस रूप मिळालं ते १४ फेब्रुवारी २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात. त्यात दोन वाटा सांगितल्या होत्या: लेखकांनी आपले पेपर खुल्या संग्रहांत ठेवावेत, आणि जर्नल्सच मुळात खुली असावीत. मोफत प्रत शोधायची ती या दोन वाटांवर, आणि आपला पेपर खुला करायचा तोही यांपैकीच एका वाटेने.

आधी एवढं पक्कं करा: पेपरची तीन रूपं असतात

पहिलं रूप प्रीप्रिंट. जर्नलकडे पाठवण्याआधीचा किंवा पाठवतानाचा मजकूर, परीक्षकांनी अजून न पाहिलेला.

दुसरं रूप स्वीकृत प्रत. परीक्षकांनी शंका काढल्या, लेखकाने दुरुस्त्या केल्या, संपादकाने होकार दिला. मजकूर पक्का झाला, पण जर्नलची मांडणी अजून चढलेली नाही. दिसायला ती साधी फाइल असते, ओळींमध्ये भरपूर अंतर, आकृत्या बहुधा शेवटी टाकलेल्या.

तिसरं रूप प्रकाशित प्रत: जर्नलचं नाव, खंड, पृष्ठक्रमांक, सुबक रकाने.

हा फरक समजला की पुढचं सगळं सोपं जातं, कारण प्रकाशकाची खरी पकड तिसऱ्या रूपावर असते. पहिलं रूप खुलं ठेवायला बहुतेकांची हरकत नसते आणि दुसरं रूप अनेक प्रकाशक काही अटींवर ठेवू देतात. वाचकाच्या दृष्टीने दुसरं रूप म्हणजे जवळजवळ पूर्ण पेपरच. युक्तिवाद तोच, निष्कर्ष तेच. फरक असतो तो भाषेच्या बारीक दुरुस्त्यांत, आणि क्वचित प्रूफ तपासताना सुधारलेल्या एखाद्या आकड्यात. म्हणून स्वीकृत प्रतीच्या तक्त्यातला आकडा उचलून त्यावर आपला हिशेब उभा करणार असाल, तर तेवढा एक आकडा प्रकाशित प्रतीशी ताडून घ्या. नुसतं वाचायचं असेल तर एवढी काळजी लागत नाही.

शोधायचा क्रम

सुरुवात नेहमी डीओआयने करा. डीओआय हा पेपरचा कायमचा क्रमांक. तो '१०' आणि टिंबाने सुरू होतो, मग चार किंवा जास्त अंक, तिरकी रेघ आणि त्यापुढे प्रकाशकाने ठरवलेली अक्षरं-अंक. पहिल्या पानाच्या वर किंवा तळाशी, नाहीतर सारांशाजवळ तो छापलेला असतो. डीओआयच्या संकेतस्थळावर तो टाकला की पेपरच्या अधिकृत पानावर पोहोचता येतं. इथे एक गंमतशीर वाटणारी पण रोज घडणारी अडचण येते: संदर्भसूचीतून डीओआय उचलताना वाक्याअखेरचा पूर्णविराम सोबत येतो, किंवा ओळ तुटल्यामुळे मध्ये एक मोकळी जागा शिरते, आणि 'असा क्रमांक नाही' असं उत्तर मिळतं. शेवटचं टिंब पुसा, मधली जागा काढा, पुन्हा टाका. जुन्या पेपरवर डीओआय छापलेला नसला तरी पुढे दिलेला असू शकतो. डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या शोधात शीर्षक टाकून पाहा.

दुसरी पायरी अनपेवॉल. हे ब्राउझरला जोडायचं मोफत एक्स्टेन्शन आहे. पेपरचं पान उघडलं की उजव्या कडेला एक छोटी कुलपाची खूण येते. हिरवी आणि उघडं कुलूप असेल तर मोफत प्रत सापडली आहे, दाबा आणि वाचा. राखाडी असेल तर सापडली नाही. राखाडी खुणेवर थांबू नका. अनपेवॉल डीओआयच्या आधारे शोधतं, त्यामुळे विद्यापीठाच्या संग्रहात प्रत आहे पण नोंदीत डीओआय भरलेला नाही, किंवा प्रीप्रिंटचं शीर्षक छापताना बदललं, अशा वेळी ती प्रत त्याच्या नजरेतून सुटू शकते. रिसर्चगेटसारख्या संशोधकांच्या सामाजिक साइटवरच्या प्रती तर ते मुद्दामच धरत नाही, कारण तिथे कोणती प्रत हक्काने ठेवली आहे याची खात्री देता येत नाही.

तिसरी पायरी गूगल स्कॉलर. शीर्षक अवतरणचिन्हांत टाका. निकालाच्या उजवीकडे पीडीएफची लिंक असेल तर काम झालं. नसेल तर निकालाच्या खालच्या ओळीत 'सर्व आवृत्त्या' अशी लिंक असते, ती उघडा. बहुतेकांचं लक्ष या लिंककडे जात नाही, आणि हवी ती प्रत नेमकी तिथे सापडते. यादीत विद्यापीठांचे किंवा सरकारी संस्थांचे पत्ते आधी पाहा. शीर्षकच बदललं असल्याची शंका आली तर पहिल्या लेखकाचं आडनाव आणि सारांशातले दोन-तीन विरळ शब्द घ्या: एखाद्या प्रजातीचं नाव, पद्धतीचं नाव, जागेचं नाव. 'परिणाम', 'अभ्यास' असल्या शब्दांनी काही हाती लागत नाही.

चौथी पायरी विषयाचे संग्रह. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र असेल तर आर्काइव्ह. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये सुरू केलेला हा संग्रह २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात आला. (रोमन लिपीत त्याच्या नावात 'एक्स' हे अक्षर येतं. जुनी संकेतस्थळं आणि पुस्तकं साठवणारं इंटरनेट आर्काइव्ह वेगळं.) जीवशास्त्रासाठी २०१३ पासूनचं बायोआर्काइव्ह, वैद्यकासाठी २०१९ पासूनचं मेडआर्काइव्ह, अर्थशास्त्रासाठी रेपेक, शिक्षणशास्त्रासाठी एरिक. मानव्यविद्यांत परंपरा कमजोर आहे; तिथे विद्यापीठांच्या संग्रहांवरच जास्त भिस्त ठेवावी लागते, आणि ते सगळे एकत्र चाळायचे तर 'कोअर' आणि जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठाचं 'बेस' ही दोन शोधयंत्रं वापरा.

वैद्यकात एक गोंधळ फार होतो. पबमेड ही पेपरच्या नोंदींची आणि सारांशांची सूची आहे; पूर्ण मजकूर असतो तो पबमेड सेंट्रलमध्ये, जे २००० साली सुरू झालं. पबमेडमध्ये शोधताना बाजूच्या गाळणीत 'मोफत पूर्ण मजकूर' निवडा, म्हणजे नुसते सारांश गळून जातात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या पैशांतून झालेलं संशोधन इथे ठेवणं २००८ पासून सक्तीचं आहे. आधी प्रकाशनानंतर १२ महिन्यांपर्यंत ते बंद ठेवण्याची मुभा होती. १ जुलै २०२५ पासून किंवा त्यानंतर स्वीकारलेल्या पेपरसाठी ती मुभा काढून टाकली आहे. म्हणजे पेपरच्या शेवटी आभाराच्या परिच्छेदात या संस्थांचं नाव दिसलं, तर प्रत तिथे असायलाच हवी असं धरून शोधा.

कधी कधी संग्रहात नोंद सापडते पण फाइल बंद असते. याचा अर्थ बहुधा एम्बार्गो चालू आहे, म्हणजे प्रकाशकाने घातलेली मुदत अजून संपलेली नाही. अशा नोंदीवर 'प्रत मागवा' असं बटण असेल तर ते दाबा. विनंती थेट लेखकाच्या ईमेलवर जाते आणि लेखकाने होकार दिला की फाइल तुमच्याकडे येते.

आणि एक सूचना. प्रकाशकाच्याच पानावर पेपर मोफत दिसतो पण परवान्याचा कुठेही उल्लेख नाही, अशी प्रत लगेच उतरवून ठेवा. ही सवलत प्रकाशकाच्या मर्जीवर असते, आज आहे तर पुढच्या महिन्यात नसेलही.

लेखकाला लिहायचं ते असं

वरचं सगळं करूनही प्रत मिळाली नाही तर लेखकाला ईमेल करा. यात संकोचण्यासारखं काही नाही, संशोधकांत ही जुनी रीत आहे, आणि आपलं काम कुणी वाचतंय याचा बहुतेकांना आनंदच होतो. तरीही पुष्कळ विनंत्यांना उत्तर येत नाही, कारण त्या मोघम असतात. 'या विषयावरचे आपले सर्व पेपर पाठवा' असं पत्र बाजूला पडतं. उत्तर मिळवणारं पत्र साधारण असं असतं:

'विषय: "(पेपरचं शीर्षक)", स्वीकृत प्रतीची विनंती

आदरणीय डॉ. (आडनाव),

मृदेतल्या ओलाव्याच्या मोजमापावर माझं एम.एस्सी.चं काम चालू आहे. आपला वरील पेपर (डीओआय: …) आमच्या ग्रंथालयात उपलब्ध नाही. तक्ता २ मधली मोजमापं किती खोलीवर घेतली आहेत, हे मला त्यात पाहायचं आहे. प्रकाशकाच्या अटींत बसत असल्यास स्वीकृत प्रत पाठवू शकाल का? ती एखाद्या संग्रहात ठेवलेली असेल, तर नुसती लिंक दिलीत तरी चालेल.

आपली विनम्र,
(नाव, संस्था)'

पेपरचं नाव विषयातच आहे, त्यामुळे ईमेल न उघडताही काम कळतं. सारांश वाचलेला दिसतो. आणि उत्तर देणं सोपं आहे: फाइल जोडा किंवा लिंक चिकटवा. पत्र अर्थातच लेखकाला वाचता येईल अशा भाषेत लिहा. पाठवायचं पत्रव्यवहारासाठी नेमलेल्या लेखकाला. त्याच्या नावापुढे लिफाफ्याची किंवा ताऱ्याची खूण असते. ईमेल परत आला तर तो माणूस संस्था सोडून गेला असं समजा आणि ऑर्किडवर त्याचं नाव शोधा. ऑर्किड हा संशोधकांचा १६ स्थानांचा ओळख क्रमांक आहे आणि त्या पानावर सध्याची संस्था सहसा दिलेली असते. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको, त्याऐवजी सहलेखकाला लिहा.

शेवटचा उपाय ग्रंथपाल. आंतरग्रंथालयीन देवघेव ही सेवा अनेक ग्रंथालयांत असते आणि विचारल्याशिवाय कुणी ती सांगत नाही. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांना रिसर्चफोरलाइफ या कार्यक्रमातून हजारो जर्नल्स मोफत किंवा अगदी कमी शुल्कात मिळतात. नोंदणी व्यक्तीची नव्हे, संस्थेची होते, म्हणून हे काम ग्रंथपालामार्फतच करायचं.

चोरलेल्या प्रतींच्या साइट या क्रमात नाहीत. त्या कायद्याबाहेर आहेत हे एक. दुसरं, तिथली प्रत वर्गात वाटता येत नाही, तिचं भाषांतर छापता येत नाही, तिच्यावर पुढचं काही उघडपणे उभं करता येत नाही. खुलेपणाचा खरा फायदा तिथेच तर असतो.

प्रत हाती आल्यावर

कोणतं रूप आहे ते आधी ओळखा. आर्काइव्हवरच्या पीडीएफच्या डाव्या कडेला उभा छापा असतो: क्रमांक, मग 'व्ही' आणि आवृत्तीचा अंक, मग तारीख. पहिली आवृत्ती हाती असेल आणि संग्रहात तिसरी आलेली असेल, तर तिसरी घ्या; मधल्या काळात एखादी सिद्धता मागेही घेतलेली असू शकते. विद्यापीठांच्या संग्रहांत पहिल्या पानावर एक आवरणपत्र जोडतात, त्यात रूप आणि डीओआय लिहिलेला असतो. ते पान फेकू नका.

मग पेपर मागे घेतलेला नाही ना, ते पाहा. संग्रहातल्या फाइलवर हे बरेचदा लिहिलेलं नसतं, कारण पेपर मागे घेतल्याचा शिक्का प्रकाशकाच्या प्रतीवर बसतो आणि इतरत्र पडलेली प्रत तशीच राहते. मागे घेतलेल्या पेपरची रिट्रॅक्शन वॉचची सूची २०२३ मध्ये क्रॉसरेफने घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते ही सूची स्वतःच तपासतं आणि तुमच्या संग्रहातला एखादा पेपर मागे घेतला गेला की लाल पट्टी दाखवतं. त्याच झोटेरोत नोंदीवर उजवं बटण दाबून पूर्ण मजकूर शोधायला सांगितलं, तर तो मोफत प्रती अनपेवॉलच्या माहितीतून आणून जोडतो. शंभर संदर्भांची यादी असेल तर सगळे निवडून एकदमच हे करता येतं. फार वेळ वाचतो.

संदर्भ देताना प्रकाशित प्रतीचाच द्या, पण शब्दशः उतारा घेत असाल तर स्वीकृत प्रतीचे पृष्ठक्रमांक वापरू नका. ते छापील पृष्ठांशी जुळत नाहीत. त्याऐवजी विभागाचं नाव आणि परिच्छेदाचा क्रमांक द्या. प्रीप्रिंट पुढे छापूनच आला नसेल, तर तो प्रीप्रिंट आहे असं स्पष्ट लिहा.

आपला पेपर खुला करायचा तर

ओपन ॲक्सेस म्हणजे लेखकाने भरपूर पैसे भरायचे, असा समज पसरला आहे. तो अर्धवट आहे. पैसे भरून जर्नलमध्येच पेपर खुला करणं हा एक प्रकार; शुल्क न घेणारी खुली जर्नल्सही आहेत; आणि आपली स्वीकृत प्रत संग्रहात ठेवायला तर काहीच खर्च येत नाही. हा तिसरा मार्ग बहुतेकांना उपलब्ध असतो आणि सर्वात कमी वापरला जातो. म्हणून आधी तोच पाहा.

पेपर स्वीकारल्याचं पत्र आलं त्याच दिवशी अंतिम फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. हे काम लांबणीवर पडलं की पुढचं सगळं अडतं. सहा महिन्यांनी संग्रहाकडून विचारणा येते तेव्हा पहिल्या लेखकाकडे एक मसुदा असतो, मार्गदर्शकाकडे दुसरा, आणि जर्नलच्या प्रणालीत ओळक्रमांक छापलेली पीडीएफ. यातला अंतिम कोणता, हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही. मग घाईत प्रकाशकाचीच पीडीएफ चढवली जाते, आणि ती बहुतेक करारांत चालत नाही. संग्रहाला ती काढून टाकावी लागते.

फाइल जपताना ती स्वच्छही करा. दुरुस्त्यांचे रंग आणि समासातल्या टिपा स्वीकारून किंवा पुसून टाका, ओळक्रमांक बंद करा, परीक्षकांना दिलेली उत्तरं जोडलेली राहिली नाहीत ना ते पाहा, आकृत्या मजकुरात आपापल्या जागी आणा. पहिल्या पानावर एक ओळ घाला: ही स्वीकृत प्रत आहे, प्रकाशित प्रत अमुक जर्नलमध्ये, डीओआय अमुक. दुसऱ्या कुणाची आकृती परवानगीने घेतली असेल, तर ती परवानगी संग्रहातल्या प्रतीला लागू होते का हे पाहा. होत नसेल तर त्या जागी फक्त शीर्षक आणि मूळ संदर्भ ठेवा.

आता जर्नलची अट बघायची. जिस्क या संस्थेचं 'ओपन पॉलिसी फाइंडर' उघडा. शेर्पा रोमिओ या नावाने जर्नल्सच्या अटींची जी सूची अनेकांना माहीत होती ती आता इथे आहे. जर्नलचं नाव टाका आणि तीन गोष्टी नीट वाचा. कोणतं रूप ठेवता येतं? कुठे ठेवता येतं: स्वतःच्या पानावर, संस्थेच्या संग्रहात, की विषयाच्या संग्रहात? किती महिन्यांनी? मुदत शून्य, ६, १२ किंवा २४ महिन्यांची असू शकते आणि ती बहुधा प्रकाशनाच्या तारखेपासून मोजतात, स्वीकृतीच्या नव्हे. मुदत आहे म्हणून फाइल घरी ठेवून वाट पाहू नका. आजच संग्रहात चढवा आणि खुली होण्याची तारीख भरा. त्या दिवशी ती आपोआप उघडते.

संस्थेचा संग्रह नसेल तर झेनोडो हा खुला संग्रह वापरा. तो सर्न या संशोधनसंस्थेत २०१३ पासून चालतो, जगातल्या कुणालाही मोफत आहे आणि एका नोंदीत ५० जीबीपर्यंतच्या फाइल्स घेतो, त्यामुळे पेपरसोबतचा विदाही (डेटा) तिथेच ठेवता येतो. नोंद भरताना प्रकाशित पेपरचा डीओआय 'संबंधित कामां'च्या रकान्यात न विसरता घाला. शोधयंत्रं दोन्ही प्रती जोडतात ती याच रकान्यावरून. तो रिकामा राहिला तर तुमची खुली प्रत असूनही वाचकाला अनपेवॉलची राखाडी खूणच दिसण्याचा धोका असतो. रिसर्चगेट किंवा अकॅडेमियावर फाइल टाकली म्हणजे झालं, असं समजू नका. त्या सामाजिक जाळ्याच्या कंपन्या आहेत, संग्रह नव्हेत, आणि अनेक प्रकाशकांच्या अटींत त्या बसत नाहीत.

अट फारच जाचक दिसली तर पेपर पाठवण्याआधीच हक्क राखून ठेवता येतो. आभाराच्या परिच्छेदात आणि संपादकाच्या पत्रात एक वाक्य घालायचं: या पेपरच्या स्वीकृत प्रतीला लेखकाने सीसी बाय परवाना (श्रेय देऊन कुणीही वापरावं असा) दिलेला आहे. युरोपातल्या निधी देणाऱ्या संस्थांनी २०१८ मध्ये जाहीर केलेल्या 'प्लॅन एस'मधून या पद्धतीला बळ मिळालं. वाक्य पाठवतानाच घालायला हवं. करारावर सही केल्यानंतर त्याला अर्थ उरत नाही. आणि सही करताना करारात याच्या उलट काही लिहिलेलं नाही ना, ते वाचा.

खुल्या जर्नलमध्येच छापायचं असेल तर डीओएजे या खुल्या जर्नल्सच्या सूचीत शोधा. २००३ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात सुमारे ३०० जर्नल्सनी सुरू झालेली ही सूची आज २० हजारांवर गेली आहे. तिथे शुल्क न घेणारी जर्नल्स वेगळी काढता येतात. शुल्क घेणाऱ्या जर्नलकडे सवलत मागायची असेल तर ती पेपर पाठवताना मागा. स्वीकृतीनंतर मागितलेली सवलत सहसा मिळत नाही.

फसव्या जर्नल्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे नवख्या संशोधकाचे पैसे आणि पेपर दोन्ही जातात. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकासाठी जॉन बोहॅनन यांनी उघड चुका असलेला एक बनावट पेपर शुल्क घेणाऱ्या ३०४ खुल्या जर्नल्सना पाठवला होता; १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यात डीओएजेच्या सूचीतली जर्नल्सही होती, आणि पुढच्याच वर्षी डीओएजेने निकष कडक करून सगळ्यांना नव्याने अर्ज करायला लावलं. म्हणून सूचीत नाव आहे एवढ्यावर थांबू नका. जर्नलच्या पानावरचा आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) आयएसएसएनच्या अधिकृत पोर्टलवर टाका आणि तिथे दिलेला संकेतस्थळाचा पत्ता जुळतो का ते बघा. नावाजलेल्या जर्नलचं हुबेहूब नकली संकेतस्थळ बनवण्याचा प्रकार यातूनच उघडा पडतो. संपादक मंडळातल्या दोघांची विद्यापीठाची पानं उघडून तिथे या जर्नलचा उल्लेख आहे का पाहा. गेल्या वर्षातले दोन पेपर वाचा. आपल्या विषयातल्या माणसाला दहा मिनिटांत अंदाज येतो. 'चार दिवसांत स्वीकृती' असं आश्वासन किंवा स्वीकृतीनंतरच कळणारं शुल्क दिसलं तर दूर राहा. अमेरिकी ग्रंथपाल जेफ्री बील यांची फसव्या जर्नल्सची यादी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. तिच्या प्रती अजून फिरतात, पण कुणाला वगळायचं ते त्या जुन्या यादीवरून ठरवू नका.

शिकवण्याचं साहित्य: आधी परवाना वाचा

पाठ्यपुस्तकं, चित्रं, व्याख्यानं यांच्या बाबतीत 'मोफत' आणि 'खुलं' यांतला फरक जास्त महत्त्वाचा ठरतो. पेपर बहुतेकदा नुसता वाचायचा असतो. धडा मात्र वाटायचा, तोडायचा, जोडायचा, भाषांतरित करायचा असतो. खुल्या शिक्षणाचे पुरस्कर्ते डेव्हिड वायली यांनी खुल्या साहित्याला पाच मुभा असाव्यात असं मांडलं: जवळ ठेवणं, वापरणं, बदलणं, दुसऱ्याशी मिसळणं आणि पुढे वाटणं. मोफत दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टींत यातली पहिलीसुद्धा मिळत नाही.

पुस्तकं शोधायला राइस विद्यापीठाचं ओपनस्टॅक्स, मिनेसोटा विद्यापीठाचं ओपन टेक्स्टबुक लायब्ररी आणि लिब्रेटेक्स्ट्स ही तीन ठिकाणं आधी चाळा. संशोधनग्रंथांसाठी डीओएबी ही खुल्या पुस्तकांची सूची. संपूर्ण अभ्यासक्रम हवा असेल तर एमआयटीचं ओपनकोर्सवेअर, ज्याची घोषणा २००१ मध्ये झाली. परवाना संकेतस्थळाचा एकच असतो असं मानू नका. ओपनस्टॅक्सची बरीच पुस्तकं सीसी बाय परवान्याची आहेत, पण कलनाचं पुस्तक व्यापारी वापराला मनाई करणाऱ्या परवान्याचं आहे. प्रत्येक पुस्तकाचं प्रस्तावनेचं पान उघडून वाचायलाच हवं.

क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचे सहा परवाने चार तुकड्यांतून बनतात. 'बाय' म्हणजे श्रेय द्या. 'एनसी' म्हणजे व्यापारी वापर नको. 'एसए' म्हणजे बदल करून वाटलं तर त्याच परवान्याने वाटा. 'एनडी' म्हणजे बदललेलं रूप वाटू नका. भाषांतर करू पाहणाऱ्याने शेवटचे दोन तुकडे आधी शोधावेत. भाषांतर हा कायद्याच्या दृष्टीने बदलच आहे, त्यामुळे 'एनडी' असलेल्या पुस्तकाचं मराठी रूप लेखी परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. आणि 'बाय-एसए' असलेला धडा व 'बाय-एनसी-एसए' असलेला धडा विणून एकच नवा धडा करता येत नाही, कारण दोघेही आपापलाच परवाना पुढे लावायला सांगतात. उपाय म्हणजे दोन्ही एका संचात पण वेगवेगळे ठेवायचे, प्रत्येकावर त्याचा परवाना लिहून.

श्रेयाच्या ओळीत चार गोष्टी लागतात: कामाचं नाव, कर्ता, मूळ लिंक, परवाना आवृत्तीसह. बदल केला असेल तर तोही. उदाहरणार्थ: 'पेशीविभाजनाचे टप्पे', चित्रकार (नाव), मूळ (लिंक), सीसी बाय ४.०; नावं मराठीत केली आहेत, चौथी आकृती वगळली आहे. ही ओळ चित्राखालीच द्या. पुस्तकाच्या शेवटी एकत्र दिली आणि कुणी तेवढंच पान वेगळं काढलं तर श्रेय गळून जातं. परवान्याच्या ४.० आवृत्तीत चूक सुधारायला सोय आहे: चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर गमावलेला हक्क आपोआप परत मिळतो. खुल्या पुस्तकातही एखाद्या चित्राखाली 'परवानगीने वापरले' असं दिसलं, तर ती परवानगी त्या पुस्तकाला मिळालेली आहे, तुम्हाला नव्हे. ते चित्र बदला.

मराठीत साहित्य बनवताना फाइलकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण आत रोमन अक्षरंच साठवलेली असतात. शोधता येत नाही, वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही, दुसऱ्याला सुधारता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलं तरी पीडीएफ बनवताना बिघाड होऊ शकतो, कारण पीडीएफमध्ये मुळात अक्षरांची चित्रं साठतात आणि चित्रावरून अक्षर ओळखण्याचा तक्ता वेगळा जोडलेला असतो. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' टाइप करतो पण वेलांटी डावीकडे उमटते. जोडाक्षरात दोन-तीन अक्षरांचं मिळून एक चित्र होतं. तक्ता सदोष असला की नेमकं इथे सगळं विस्कटतं.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. तयार पीडीएफमध्ये 'विद्युत', 'क्षेत्र', 'स्थिती' असे शब्द शोधून पाहा. मग एक परिच्छेद उचलून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. वेलांट्या सरकल्या, जोडाक्षरं फुटली किंवा चौकोन आले तर ती पीडीएफ फक्त छापण्यापुरती आहे. तिच्यासोबत एचटीएमएल किंवा ईपब द्या आणि मूळ संपादनयोग्य फाइलही चढवा. समीकरणं चित्र म्हणून न चिकटवता समीकरण म्हणूनच ठेवा. नाहीतर पुढे चूक सुधारणाऱ्याला ती सगळी नव्याने लिहावी लागतात.

जिथे इंटरनेट तुटक आहे तिथल्या वर्गासाठी किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. विकिपीडियासारखे संपूर्ण संग्रह एका झिम फाइलमध्ये बांधलेले मिळतात, एकदा उतरवले की फोनवर किंवा संगणकावर इंटरनेटशिवाय चालतात. उतरवण्याआधी फाइलच्या नावातला महिना पाहा, आणि चित्रांसह की चित्रांशिवाय तेही. चित्रांशिवायची फाइल बरीच लहान असते. पेनड्राइव्हवर फाइल घेताना तो फॅट ३२ पद्धतीने बांधलेला (फॉरमॅट केलेला) असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात जात नाही आणि कारण न कळता कॉपी अडते. एक्सफॅटमध्ये बांधून घ्या.

तयार झालेलं मराठी साहित्य झेनोडोवर ठेवताना भाषेच्या रकान्यात मराठी निवडा, शीर्षक देवनागरीत द्या आणि सोबत मूळ शीर्षकही लिहा, कारण शोधणारा दोन्हीपैकी कशानेही शोधेल. मूळ पुस्तकाची लिंक 'संबंधित कामां'त, परवाना परवान्याच्या रकान्यात, आणि पहिल्या पानावर आवृत्तीचा क्रमांक व तारीख. दुरुस्ती झाली की नवी नोंद उघडू नका. त्याच नोंदीत 'नवी आवृत्ती' निवडा, म्हणजे जुनी लिंक घेऊन आलेल्या वाचकालाही ताजी प्रत असल्याचं तिथेच दिसतं.